कोड एडिटरचा फाइंड डायलॉग बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेस्कटॉप एडिटर लिहिणाऱ्यांकडून हे प्रश्न पुन्हापुन्हा येतात. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे, पण हवा तो प्रश्न थेट वाचला तरी चालेल. शब्द शोधून काढणं हा यातला सोपा भाग. सापडलेली जागा नेमकी कुठे आहे, आणि मजकूर बदलल्यावर ती कुठे सरकली, हे सांभाळण्यात बहुतेकांची दमछाक होते. म्हणून त्यावरची उत्तरं लांब आहेत.

१. डायलॉग मोडल ठेवू की मोडलेस?

मोडलेस, म्हणजे उघडा असतानाही मागच्या एडिटरमध्ये काम करू देणारा. शोधता शोधता माणूस कोडमध्ये दोन अक्षरं बदलतो आणि पुन्हा ‘पुढचं’ दाबतो. मोडल खिडकीत त्याला दर वेळी डायलॉग बंद करावा लागेल. क्यूट (Qt) या खिडक्या-बटणं बांधायच्या टूलकिटमध्ये ‘एक्झेक’ऐवजी ‘शो’ वापरा, आणि डायलॉग एकदाच तयार करून लपवा-दाखवा. दर वेळी नवा केला तर आधीचा शब्द आणि निवडलेले पर्याय पुसले जातात. एडिटरची मुख्य खिडकी त्याची पालक असू द्या, नाहीतर तो एडिटरच्या मागे जाऊन हरवतो.

थेट विन३२वर, म्हणजे विंडोजच्या मूळ प्रोग्रामिंग इंटरफेसवर काम करत असाल तर मेसेज लूपमध्ये ‘इझडायलॉगमेसेज’ला हाक मारायला विसरू नका. ती नसली की मोडलेस डायलॉगात टॅब, एंटर आणि एस्केप ढिम्म राहतात, आणि चूक डायलॉगच्या कोडमध्ये शोधण्यात वेळ जातो.

२. तरंगता डायलॉग बरा की एडिटरला चिकटलेली पट्टी?

एकाच फाइलमधल्या शोधासाठी पट्टी. तरंगता डायलॉग हमखास सापडलेल्या शब्दावरच येऊन बसतो. डायलॉगच ठेवायचा असेल, तर जुळणी दाखवल्यावर तिचा आयत डायलॉगच्या आयताला छेदतो का ते तपासा आणि छेदत असेल तर मजकूर स्क्रोल करा. डायलॉग आपणहून उडी मारून बाजूला गेला की वापरणाऱ्याचा माउस चुकतो. पट्टी वरच्या बाजूला असेल तर तिच्या उंचीइतकी जागा मजकुराच्या वर मोकळी सोडा, नाहीतर पहिल्या ओळीतली जुळणी पट्टीखाली झाकली जाईल.

३. कमीत कमी काय काय हवं?

शोधायच्या मजकुराचं खोकं, ‘पुढचं’, ‘मागचं’, केस (इंग्रजी कॅपिटल-स्मॉल) जुळवणं, पूर्ण शब्द, रेजेक्स (चिन्हांनी लिहिलेला शोध-नमुना), जुळण्यांचा आकडा, आणि एस्केप. बाकी सगळं नंतर.

कळा मात्र ठरलेल्याच द्या. विंडोज आणि लिनक्सवर कंट्रोल+एफ, एफ३, शिफ्ट+एफ३. मॅकवर कमांड+एफ, कमांड+जी, शिफ्ट+कमांड+जी, आणि निवडलेला मजकूर शोधखोक्यात घालणारी कमांड+ई. मॅकवर शोधशब्दासाठी सगळ्या अ‍ॅप्समध्ये मिळून एक वेगळा पेस्टबोर्ड असतो. तो वाचला-लिहिला की दुसऱ्या अ‍ॅपमध्ये शोधलेला शब्द तुमच्या एडिटरमध्ये आयता मिळतो, आणि मॅकवाले तशी अपेक्षा धरतात. एफ३ डायलॉग बंद असतानाही चाललं पाहिजे, म्हणून शोधाची स्थिती डायलॉगमध्ये ठेवू नका. तिचा वेगळा ऑब्जेक्ट करा, डायलॉग हा त्याचा फक्त चेहरा.

४. कंट्रोल+एफ दाबल्यावर खोक्यात आधीच काही भरावं का?

एडिटरमध्ये एकाच ओळीतलं काही निवडलेलं असेल तर ते भरा आणि खोक्यातला सगळा मजकूर निवडून ठेवा, म्हणजे टाइप करताच तो पुसला जाईल. निवड अनेक ओळींची असेल तर ती खोक्यात कोंबू नका. तिथे माणसाला बहुतेक ‘एवढ्याच भागात शोध’ म्हणायचं असतं (प्रश्न १८). काहीच निवडलेलं नसेल तर मागचा शब्द दाखवा. रेजेक्स चालू असताना निवडलेला मजकूर भरायचा तर त्यातली `.`, `(`, `[` असली चिन्हं एस्केप करून भरा, नाहीतर `यादी[०]` शोधायला गेलेल्याला ‘यादी०’ सापडेल.

५. शब्द सापडतो, कर्सरही तिथे जातो, पण निवड दिसतच नाही. का?

कारण फोकस डायलॉगमध्ये आहे आणि तुमचा मजकूर-विजेट (मजकूर दाखवणारा खिडकीचा घटक) फोकस गेल्यावर निवड लपवतो. विनफॉर्म्स या डॉटनेटच्या टूलकिटमधल्या टेक्स्टबॉक्समध्ये ‘हाइडसिलेक्शन’ हा गुणधर्म मुळातच खरा असतो, तो खोटा करा. टीके (Tk) टूलकिटच्या टेक्स्ट विजेटला ‘इनॅक्टिव्हसिलेक्टबॅकग्राउंड’ हा रंग द्या. क्यूटमध्ये पॅलेटच्या इनॅक्टिव्ह गटातला हायलाइट रंग बघा. काही थीममध्ये तो पार्श्वभूमीत मिसळून जातो.

त्याहून बरा मार्ग म्हणजे निवडीवर विसंबूच नये. चालू जुळणीला एक रंग, बाकीच्या जुळण्यांना दुसरा फिका रंग, आणि हे दोन्ही सिंटॅक्सच्या रंगांपासून वेगळ्या थरात. क्यूटमध्ये ‘एक्स्ट्रासिलेक्शन्स’, सिंटिला या तयार एडिटर-घटकात ‘इंडिकेटर’, टीकेत ‘टॅग’. मूळ मजकुराचं फॉरमॅटिंग बदलून रंगवलं तर काही टूलकिटमध्ये तो बदल अंडूच्या इतिहासात शिरतो, आणि कंट्रोल+झेड दाबल्यावर कोडऐवजी रंग मागे जातात.

६. टाइप करताकरताच शोध चालू ठेवला, पण प्रत्येक अक्षराला कर्सर पुढच्या जुळणीवर उडी मारतो.

प्रत्येक अक्षरानंतर तुम्ही चालू कर्सरच्या *पुढून* शोधताय. खोक्यात फोकस आला त्या क्षणी कर्सर जिथे होता ती जागा नांगर म्हणून साठवा. खोक्यातला मजकूर बदलला की दर वेळी त्या नांगरापासून शोधा. ‘पुढचं’ किंवा ‘मागचं’ दाबलं तरच नांगर नव्या जुळणीच्या सुरुवातीला हलवा. यामुळे अक्षर खोडल्यावर शोध आपोआप मागे येतो. आणि जुळणीच नसेल तर कर्सर नांगरावर परत न्या. शेवटच्या यशस्वी जागी तो सोडला तर शब्द तिथे आहे असा भास होतो.

७. फाइलच्या शेवटाला पोचल्यावर काय करायचं?

वळसा घालून पुन्हा सुरुवातीपासून शोधा आणि तसं पट्टीत बारीक अक्षरांत सांगा. ‘शोध संपला, पुन्हा सुरू करू का?’ असा मेसेजबॉक्स टाकू नका. त्याला उत्तर देता देता हाताची लय मोडते.

टीके वापरणाऱ्यांसाठी खास सूचना. टेक्स्ट विजेटच्या ‘सर्च’ला थांबायची जागा दिली नाही तर ते स्वतःच वळसा घालतं. सगळ्या जुळण्या रंगवणारा लूप त्यामुळे कधीच थांबत नाही. ‘स्टॉपइंडेक्स’ला मजकुराचा शेवट द्या. तिथे ओळी १पासून आणि स्तंभ ०पासून मोजतात, हेही लक्षात असू द्या.

८. रंगवलेली जागा दोन-तीन अक्षरांनी सरकलेली दिसते, आणि फाइलमध्ये खाली जावं तसा फरक वाढत जातो.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे. जिथे शोधलंत तो मजकूर आणि जिथे रंगवलंत तो मजकूर यांची मोजपट्टी वेगळी आहे, एवढंच याचं मूळ. मोजपट्ट्या बिघडायच्या जागा तीन.

ओळीचा शेवट. विंडोजच्या फाइलमध्ये ओळ दोन चिन्हांनी संपते, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. विजेटच्या आत मात्र बहुधा एकच चिन्ह असतं. विंडोजवर जावाच्या स्विंग टूलकिटमधल्या जेटेक्स्टपेनचं ‘गेटटेक्स्ट’ दोन चिन्हांचा मजकूर देऊ शकतं, पण त्याच्या डॉक्युमेंटमध्ये ओळीमागे एकच मोजलेलं असतं. म्हणजे शंभराव्या ओळीवर पोचेपर्यंत ९९ स्थानांचा फरक. मजकूर डॉक्युमेंटकडूनच मागा. फरक ओळींच्या संख्येइतकाच वाढत असेल तर दोषी हाच.

बाइट की अक्षर. सिंटिलातली स्थानं बाइटमध्ये असतात. ‘नमस्ते’ या शब्दात ६ कोडपॉइंट (युनिकोडने चिन्हांना दिलेले क्रमांक) आहेत, साठवणीच्या यूटीएफ-१६ पद्धतीत तेवढेच ६ एकक, पण यूटीएफ-८मध्ये १८ बाइट. वरच्या कॉमेंटमध्ये असा एक शब्द असेल तर खालची प्रत्येक जुळणी १२ने सरकेल.

सरोगेट जोड्या. बहुतेक इमोजी यूटीएफ-१६मध्ये दोन एककं घेतात. जावा, डॉटनेट, जावास्क्रिप्ट आणि क्यूट एककं मोजतात, पायथन कोडपॉइंट मोजतो. पायथनमध्ये शोधून क्यूटमध्ये रंगवणाऱ्यांचं गणित नेमकं पहिल्या इमोजीनंतर चुकतं.

क्यूटमध्ये आणखी एक खोडी आहे. कर्सरचं ‘सिलेक्टेडटेक्स्ट’ नव्या ओळीच्या जागी यू+२०२९ हे परिच्छेद-चिन्ह देतं. निवडलेला मजकूर शोधशब्दाशी ताडून पाहताना हे आधी बदलून घ्या.

उपाय सरळ आहे. फाइल उघडताना सगळ्या ओळींचे शेवट एकाच चिन्हावर आणा, मूळचं कोणतं होतं ते लक्षात ठेवा आणि सेव्ह करताना परत घाला. मोजपट्टी एकच ठरवा, आणि भाषांतर करायचंच असेल तर ते एका फंक्शनमध्ये, एकाच जागी.

९. केस दुर्लक्षित करायला सगळा मजकूर लोअरकेस करून शोधला तर?

इंग्रजीपुरतं चालेल, पण लांबी बदलली की पुन्हा प्रश्न ८. तुर्की भाषेतलं वर टिंब असलेलं कॅपिटल आय लोअरकेस केलं की एकाचे दोन कोडपॉइंट होतात. जर्मन एस्त्सेट अपरकेस केलं की दोन एस होतात. युनिकोडच्या ‘सिंपल केस फोल्डिंग’मध्ये एका कोडपॉइंटचा एकच होतो, ते वापरा. बाइटमध्ये मोजत असाल तर तेही पुरत नाही: केल्व्हिनचं चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइटचं, आणि फोल्ड झाल्यावर मिळणारा साधा के १ बाइटचा. तिथे फोल्ड केलेल्या मजकुराबरोबर मूळ स्थानांचा नकाशा ठेवावाच लागतो.

शोधशब्दात एकही कॅपिटल अक्षर नसेल तर केस दुर्लक्षित, असेल तर काटेकोर, असा ‘स्मार्ट केस’ पर्याय काही एडिटर देतात. द्यायला हरकत नाही, पण तो आपणहून चालू ठेवू नका.

१०. ‘पूर्ण शब्द’साठी दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश-बी (रेजेक्समधली शब्दाच्या सीमेची खूण) लावलं. इंग्रजीत चालतं, मराठीत नाही.

चालणारही नाही. पायथनच्या ‘आरई’ मॉड्यूलला काना, वेलांटी, अनुस्वार ही शब्दातली अक्षरं वाटत नाहीत. परिणाम दोन्हीकडून उलटा होतो. ‘यादी’ पूर्ण शब्द म्हणून शोधला तर सापडत नाही, कारण वेलांटीनंतर त्याच्या मते शब्दाची सीमाच नाही. आणि ‘याद’ शोधला तर ‘यादी’मध्ये सापडतो, कारण द नंतर त्याला सीमा दिसते! जावास्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅश-बी फक्त आस्की ओळखतं, युनिकोडचा फ्लॅग लावला तरी. जावातही जेडीके १९पासून त्याचा मूळ अर्थ आस्कीपुरता झाला आहे.

म्हणून जुळणी साधीच शोधा आणि तिच्या आधीचं व नंतरचं एकेक अक्षर स्वतः तपासा. अक्षर, मात्रा-चिन्ह, अंक हे युनिकोडचे वर्ग, अंडरस्कोर, आणि शून्य-रुंदीचे दोन जोडक-विभाजक यांपैकी काही शेजारी असेल तर तो पूर्ण शब्द नव्हे. एक अपवाद: शोधशब्दाची ती कड स्वतःच चिन्हाची असेल, समजा `->` किंवा `$किंमत`, तर त्या कडेला तपासणी करू नका. नाहीतर ‘पूर्ण शब्द’ चालू असताना असले शब्द कधीच मिळणार नाहीत.

११. कॉमेंटमधला ‘दुसऱ्या’ डोळ्यांना दिसतो, पण शोधात येत नाही.

कारण तो तीन प्रकारे साठवलेला असू शकतो. नुक्त्याच्या र चा स्वतंत्र कोडपॉइंट यू+०९३१ आणि हलंत. साधा र, नुक्ता आणि हलंत. किंवा साधा र, हलंत आणि शून्य-रुंदीचा जोडक यू+२००डी. पडद्यावर तिन्ही सारखे. एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करायची युनिकोडची पद्धत) पहिले दोन एक करतं, तिसरा मात्र वेगळाच राहतो. तो धरायचा असेल तर तुलनेपुरता ‘र, हलंत, जोडक’ हा क्रम ओळखून पहिल्या रूपात आणावा लागतो. जोडक सरसकट गाळू नका, कारण उरलेलं ‘र् + य’ म्हणजे रफार, आणि मग ‘दर्या’ शोधणाऱ्याला ‘दऱ्या’ सापडू लागतील.

हे फक्त साध्या शोधात करा, रेजेक्समध्ये नको. तिथे लिहिणाऱ्याला नेमके कोडपॉइंट अपेक्षित असतात. आणि सामान्यीकरण तुलनेपुरतंच, फाइलमधल्या मजकुराला हात लावायचा नाही. लांबी बदलत असल्यामुळे स्थानांचा नकाशा इथेही लागतो.

१२. रेजेक्स अर्धवट टाइप झालेला असताना एरर येतो. दाखवायचा का?

खोक्याची कड लाल करा, खाली एका ओळीत कारण लिहा, आणि आधीच्या जुळण्यांचे रंग पुसा. मेसेजबॉक्स नाही. `(` टाइप झाल्यापासून `)` येईपर्यंत पॅटर्न चुकीचाच असतो, त्यात नवल काही नाही. चूक कितव्या अक्षरावर आहे हे पायथन, जावा आणि क्यूटची रेजेक्स इंजिनं सांगतात, ती जागा खोक्यात अधोरेखित करता येते. रेजेक्स बंद असताना वापरणाऱ्याचा मजकूर इंजिनाला द्यायचा असेल तर भाषेचं तयार एस्केप फंक्शन वापरा. स्वतः यादी करून एस्केप करणाऱ्यांचं एखादं चिन्ह सुटतंच.

१३. एका रेजेक्सने अख्खा एडिटर गोठला. त्यातून कसं सुटायचं?

बॅकट्रॅकिंग करणाऱ्या, म्हणजे जुळलं नाही की मागे येऊन दुसरा मार्ग पाहणाऱ्या इंजिनाला `(अ+)+$` द्या आणि मजकुरात ३० अ व शेवटी एक क ठेवा. अ चे गट पाडायचे जितके मार्ग, तितके सगळे ते करून बघतं. प्रत्येक वाढीव अक्षराला काम दुप्पट होतं, आणि तिसावं अक्षर येईपर्यंत मार्ग ५० कोटींच्या पुढे गेलेले असतात. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची सेवा जगभर कोलमडली ती फायरवॉलच्या नियमातल्या अशाच बॅकट्रॅकिंगमुळे, तेव्हा हा किताबी धोका नव्हे.

पर्याय तीन. डॉटनेटमध्ये रेजेक्सला वेळेची मर्यादा देता येते, एक-दोन सेकंद पुरे. आरई२ ही रेजेक्स लायब्ररी किंवा रस्ट भाषेचं रेजेक्स क्रेट वापरलं तर वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो, पण बॅकरेफरन्स (आधी जुळलेल्या गटाचा पुन्हा उल्लेख) आणि लुकअराउंड (जुळणीच्या मागचा-पुढचा मजकूर नुसता तपासणं) मिळत नाहीत. कोड एडिटर वापरणाऱ्यांना ते हवे असतात, म्हणून आम्ही हा मार्ग सरसकट सुचवत नाही. तिसरा मार्ग म्हणजे शोध वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवून वेळ संपली की ती प्रोसेस मारणं. नुसता थ्रेड पुरत नाही, कारण इंजिनात अडकलेला थ्रेड बाहेरून सुरक्षितपणे थांबवता येत नाही.

१४. `^` किंवा `अ*` शोधलं की लूप संपतच नाही.

शून्य लांबीची जुळणी. जुळणीचा शेवट हीच पुढच्या शोधाची सुरुवात धरली तर तुम्ही तिथेच घुटमळता. लांबी शून्य असेल तर सुरुवात एका पूर्ण कोडपॉइंटने पुढे न्या. एका एककाने नेली तर सरोगेट जोडीच्या मध्येच जाऊन पडाल. अशा जुळणीला रंगवायला रुंदी नसते, म्हणून एक बारीक उभी रेघ दाखवा. आणि `^` बदलून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला काही घालणं हे अगदी रोजचं काम आहे, तेव्हा शून्य लांबीच्या जुळण्या गाळून मोकळे होऊ नका.

१५. अनेक ओळींवर पसरलेला पॅटर्न का सापडत नाही?

क्यूटचं ‘क्यूटेक्स्टडॉक्युमेंट’ एकेका ब्लॉकमध्ये, म्हणजे ओळीपुरतंच शोधतं. ओळ ओलांडणारा पॅटर्न तिथे मिळणारच नाही, पूर्ण मजकूर काढून त्यावर रेजेक्स चालवा. `^` आणि `$` प्रत्येक ओळीला लागू व्हावेत म्हणून मल्टिलाइन फ्लॅग आपणहून लावा. डॉटनेटमध्ये `$` फक्त लाइन फीडच्या आधी जुळतो, त्यामुळे कॅरेज रिटर्न जुळणीच्या आड येतो. प्रश्न ८मध्ये सांगितल्याप्रमाणे ओळींचे शेवट आधीच एक केले असतील तर हा त्रास उरत नाही.

१६. ‘बदला’ बटणाने नेमकं काय करायचं?

चालू निवड ही खरी जुळणी असेल तर बदलून पुढच्या जुळणीवर जायचं. नसेल तर फक्त पुढची जुळणी दाखवायची, बदलायचं काही नाही. ‘खरी जुळणी’ तपासताना निवडलेला तुकडा सुटा काढून त्यावर रेजेक्स लावू नका. पॅटर्नमध्ये लुकबिहाइंड असेल तर त्याला मागचा मजकूर दिसला पाहिजे. मूळ मजकुरावर, निवडीच्या सुरुवातीच्या स्थानापासून शोधा, आणि मिळालेली जुळणी निवडीशी दोन्ही टोकांना जुळते का ते पाहा. बदलल्यावर पुढचा शोध घातलेल्या मजकुराच्या *शेवटापासून* सुरू करा. ‘कर’चं ‘करकर’ करणाऱ्याला हे विसरल्याची किंमत लगेच कळते.

१७. ‘सगळे बदला’ संथ आहे, आणि अंडू एकेक बदल मागे नेतं.

अंडूचं उत्तर छोटं: सगळे बदल एका गटात बांधा. क्यूटमध्ये ‘बिगिनएडिटब्लॉक’ ते ‘एंडएडिटब्लॉक’, सिंटिलात अंडू-अ‍ॅक्शनची सुरुवात आणि शेवट, स्विंगमध्ये ‘कंपाउंडएडिट’, टीकेत ‘ऑटोसेपरेटर्स’ बंद करून शेवटी एक सेपरेटर. मध्ये एक्सेप्शन आलं तरी गट बंद झाला पाहिजे, ही काळजी घ्या. अर्धवट उघडा गट पुढचं सगळं टायपिंग गिळतो.

वेगासाठी आधी सगळ्या जुळण्या न बदललेल्या मजकुरावर गोळा करा, मग शेवटून सुरुवातीकडे बदलत या. फाइलमध्ये खाली केलेले बदल वरच्या स्थानांना धक्का लावत नाहीत, म्हणून हिशेब ठेवावा लागत नाही. पूर्ण मजकूर नव्याने तयार करून एका फटक्यात घालणं सगळ्यात वेगवान, पण त्याने बुकमार्क, ब्रेकपॉइंट, दुमडलेले ब्लॉक आणि कर्सरची जागा सगळंच जातं. हजारो जुळण्या असतील तेव्हाच, आणि तेही पहिल्या ते शेवटच्या जुळणीमधल्या पट्ट्यापुरतंच, असं करा.

किती बदल झाले तो आकडा शेवटी सांगा. ० असेल तरी.

बदलीच्या मजकुरातला `$` हा आणखी एक सापळा. जावा, डॉटनेट आणि जावास्क्रिप्ट तिथे `$१` म्हणजे पहिला गट समजतात, पायथन बॅकस्लॅश समजतो. साधा शोध चालू असताना ‘किंमत: $५’ अक्षरशः तसंच पडायला हवं. जावात ‘कोटरिप्लेसमेंट’ वापरा, पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये बदली म्हणून फंक्शन द्या, डॉटनेटमध्ये `$$`.

१८. ‘निवडीतच शोधा’ चालू केलं, पण पहिली जुळणी मिळताच मूळ निवड नाहीशी होते.

जुळणी दाखवायला तुम्ही निवडच बदलता, म्हणून. पर्याय चालू होताक्षणी हद्दीची दोन टोकं वेगळी साठवा आणि तो पट्टा फिक्या रंगाने दाखवा. मजकूर बदलला की ही टोकं सरकली पाहिजेत, तेव्हा साधे आकडे न ठेवता टूलकिटचे मार्क किंवा कर्सर ऑब्जेक्ट ठेवा. नेमक्या शेवटच्या टोकाला मजकूर घातला तर टोक पुढे सरकायला हवं, सुरुवातीच्या टोकाला घातला तर जागेवर राहायला हवं. हद्दीच्या बाहेर सांडणारी जुळणी धरू नका, पण लुकअराउंडला बाहेरचा मजकूर दिसू द्या.

१९. मोठ्या फाइलमध्ये प्रत्येक अक्षराला धक्के बसतात. जुळण्यांचा आकडा कसा दाखवू?

कामाचे तीन तुकडे करा. नांगरापासूनची पहिली जुळणी लगेच. पडद्यावर दिसणाऱ्या ओळींतले रंग त्यानंतर. पूर्ण मोजणी टायपिंग साधारण १५० मिलिसेकंद थांबल्यावर, बॅकग्राउंड थ्रेडमध्ये. त्या थ्रेडला मजकुराची गोठवलेली प्रत आणि आवृत्ती क्रमांक द्या. निकाल परतल्यावर क्रमांक जुना झाला असेल तर तो फेकून द्या. रंग लावायचं काम मात्र मुख्य थ्रेडमध्येच.

मोजणीला कमाल मर्यादा हवी. व्हीएस कोड १९,९९९वर थांबतो आणि पुढे अधिकचं चिन्ह लावतो. जीटीके टूलकिटच्या सोर्सव्ह्यू या एडिटर-घटकात हे सगळं तयार मिळतं. पूर्ण बफर पाहून होईपर्यंत त्याचा जुळण्यांचा आकडा -१ येतो. ते -१ तसंच पडद्यावर छापलेले एडिटर आम्ही पाहिले आहेत.

२०. बॉयर-मूर ही वेगवान शोधपद्धत स्वतः लिहायची का?

नाही. भाषेचं अंगभूत शोध-फंक्शन तुमच्या पहिल्या प्रयत्नापेक्षा वेगवानच निघेल. बॉयर आणि मूर यांची पद्धत १९७७ची, हॉर्सपूलचं सोपं रूप १९८०चं, आणि पायथनच्या शोधात या दोन्हींचं मिश्रण आधीपासून होतं. लक्ष द्यायची जागा वेगळी आहे. तुमचा बफर गॅप बफर, रोप किंवा पीस टेबल असा मजकूर तुकड्यांत साठवणारा असेल तर जुळणी दोन तुकड्यांच्या सीमेवर येऊ शकते. प्रत्येक तुकड्याबरोबर पुढच्यातली शोधशब्दाच्या लांबीपेक्षा एकने कमी इतकी अक्षरं घ्या. रेजेक्सला ही युक्ती चालत नाही, कारण जुळणीची लांबी आधी माहीत नसते.

२१. हाच डायलॉग फोल्डरभर शोधायला वापरता येईल का?

शोधाचा गाभा तोच, खिडकी वेगळी करा. निकालांची यादी लागते, रद्द करायचं बटण लागतं, गाळणी लागतात. उघडलेल्या पण सेव्ह न केलेल्या फाइलसाठी डिस्कवरचा नव्हे, बफरमधला मजकूर शोधा. बायनरी फाइल ओळखायला सुरुवातीच्या काही हजार बाइटमध्ये शून्य-बाइट पाहतात, गिट ८,००० बाइट पाहतं. पण यूटीएफ-१६च्या फाइलमध्ये शून्य-बाइट असतातच, म्हणून त्याआधी बीओएम (फाइलच्या सुरुवातीचं एन्कोडिंग सांगणारं चिन्ह) तपासा. सिमलिंकचा (दुसऱ्या फाइल-फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याचा) पाठलाग करायचा तर पाहिलेल्या फोल्डरांची नोंद ठेवा. हे सगळं स्वतः लिहिण्यापेक्षा रिपग्रेप हे तयार शोधसाधन चालवून त्याचे निकाल वाचणं सोपं. गिटइग्नोर (वगळायच्या फाइलची यादी) पाळणंही त्यात आलं.

२२. आयएमईने (कळांवरून शब्द जुळवून देणाऱ्या टायपिंग-साधनाने) मराठी टाइप करताना एंटर दाबला की शब्द पक्का होण्याऐवजी शोध पुढे जातो.

शब्द जुळवणं चालू असेपर्यंत एंटर आयएमईचा आहे, तुमचा नाही. कच्चा मजकूर शिल्लक असताना कळा पकडू नका, आणि टाइप-शोधही पक्क्या मजकुरावरच चालवा. क्यूटच्या लाइनएडिटमध्ये मजकूर बदलल्याचा सिग्नल कच्च्या मजकुरासाठी येत नाही, त्यामुळे तिथे बरंच काम फुकट होतं. खालच्या पातळीवर स्वतः कळ पकडत असाल तर जपा.

२३. स्क्रीन रीडरसाठी वेगळं काय करावं लागतं?

प्रत्येक खोक्याला खरं लेबल जोडा, फक्त चित्र असलेल्या बटणाला नाव द्या, आणि ‘१२पैकी ३’ हा आकडा बदलला की तो वाचला जाईल असा घोषित करा. प्रत्येक अक्षराला नव्हे, टायपिंग थांबल्यावर. चालू जुळणी फक्त रंगाने वेगळी दाखवू नका, भोवती चौकट द्या. एस्केप दाबल्यावर फोकस एडिटरमध्ये परतला पाहिजे आणि जुळणी निवडलेली राहिली पाहिजे.

२४. जुळणी दुमडलेल्या ब्लॉकमध्ये असेल तर?

तो ब्लॉक उघडा. ‘पुढचं’ दाबून माणूस पुढे निघून गेला तर उघडलेला ब्लॉक पुन्हा दुमडणं हे चांगलं, पण सक्तीचं नाही. जुळणी पडद्याच्या अगदी काठावर न दाखवता वर-खाली चार-पाच ओळी दिसतील अशी आणा. आधीच पडद्यावर असेल तर स्क्रोल करूच नका. लांब ओळीत आडवं स्क्रोल करताना जुळणीची दोन्ही टोकं दिसतात का पाहा.

२५. सोडण्याआधी कोणत्या फाइलवर चाचणी घ्यावी?

रिकामी फाइल. शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ नसलेली फाइल. दोन प्रकारचे ओळ-शेवट मिसळलेली फाइल. पहिल्याच ओळीत इमोजी आणि मराठी कॉमेंट, आणि शोधशब्द अगदी शेवटच्या ओळीत. एकाच ओळीत काही एमबी असलेली मिनिफाय केलेली फाइल, कारण ओळीच्या हिशेबाने लिहिलेली रंगवण्याची पद्धत इथेच कोसळते. शोधशब्द फक्त रिकामी जागा. ‘सगळे बदला’ केल्यावर एकदा अंडू, एकदा रीडू, आणि फाइल बाइटशः आधीसारखी होते का ते. शोध चालू असताना फाइल बंद करणं. आणि फक्त वाचायला उघडलेल्या फाइलमध्ये ‘बदला’ची बटणं मंद होतात का, हेही.